खाली केल्यावर आवळायचे

हसू नका. मी घोड्यांचा ट्रेलर बोलतोय.

घोडा गाडी ओढतो हे सगळ्यांना पटतं, पण घोड्यालाच गाडीत घालून ओढायचं म्हटलं की लोकांना गंमत वाटते. जबलपूरजवळच्या महाराजपूरच्या रस्त्यानं मी पहिल्यांदा आलो तेव्हा पानठेल्यावरच्या एकानं विचारलं होतं, "भैया, इसमें आइसक्रीम बिकेगी क्या?" त्या दिवसापासून माझं डोकं फिरलंय ते फिरलेलंच आहे.

पण मी रागावलोय तो त्या आइसक्रीमवाल्या प्रश्नावर नाही. मला सगळं ऐकू येतं आणि सगळं समजतं, बोलता मात्र काही येत नाही. खडखडता येतं, करकरता येतं, फार तर एखादा पत्रा वाजवता येतो. एवढ्यावर ज्याला दिवस काढावे लागतात त्याचा स्वभाव चिडका झाला तर त्यात नवल ते काय?

माझा जन्म पुण्याच्या बाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथले वेल्डर अण्णा एकटेच काम करत आणि काम करता करता स्वतःशी अखंड बोलत. माझी चौकट उभी राहिली, अ‍ॅक्सल बसला, दोन बाजूंना दोन चाकं लागली, मागे घोड्याला चढायला फळीचा उतार झाला, आणि तोवर मला मराठी पाठ झालं होतं. एका घोडे पाळणाऱ्या शेतमालकासाठी मी तयार झालो. पाच-सहा वर्षं त्यांचे घोडे वाहिले. मग त्यांनी घोडे विकले, मलाही विकलं, आणि मी एका ट्रकमागे लटकत जबलपूरला आलो.

इथे मी घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका क्लबात होतो. दहा-बारा वर्षं हिंदीच कानावर पडलं. घोड्यांची निगा राखणारे साईस लोक माझ्या सावलीत बसून भांडायचे, बिड्या ओढायचे, एकमेकांच्या बायकांची चौकशी करायचे. मी हिंदीही शिकलो. मला त्याचा तेव्हा अभिमान वाटायचा. दोन भाषा येणारा ट्रेलर अख्ख्या मध्य प्रदेशात दुसरा नसेल. आता वाटतं, एकही आली नसती तर बरं झालं असतं, जिवाला घोर तरी लागला नसता.

क्लबानं मोठी गाडी घेतली आणि मला जांभळाच्या झाडाखाली ढकलून दिलं. तिथे कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली. चौकीदारानं फुटकी कौलं भरून ठेवली. पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि गंज चढायला लागला. तो पहिल्यांदा चाकांनाच धरतो. रिमांच्या कडा तपकिरी झाल्या, मग खवले सुटले. कुणी पाहिलं तर तोंड फिरवून जाईल अशी माझी दशा झाली.

अशा वेळी भय्यासाहेब आले.

भय्यासाहेब जबलपुरातल्या चेरीतालचे. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. भय्यासाहेब स्वतः गाड्या बनवणाऱ्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तोंड फिरवलं नाही. वाकून अ‍ॅक्सलखाली पाहिलं, चाक हातानं फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "हाड मजबूत आहे. घेऊन टाकू."

मला घेतलं ते नातीसाठी, अवंतिकासाठी. या पोरीला नवव्या वर्षापासून घोड्यांचं वेड. आजोबांनी तिच्यासाठी इमली नावाची एक तांबूस घोडी आणली, महाराजपूरला एका मित्राच्या मोकळ्या जागेत तिला गोठा बांधून दिला. अवंतिका मोठी झाली, अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धांत उतरायला लागली, तशी इमलीला गावोगाव न्यायची गरज पडली. म्हणून मी आलो.

भय्यासाहेबांनी माझी तळाची फळी बदलली, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, टायर नवे घातले. चाकांच्या दिसण्याकडे मात्र त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अवंतिकाचे वडील अनिमेष एकदा म्हणाले, "बाबा, निदान रंग तरी मारू." त्यावर म्हातारा म्हणाला, "काहून? याला काय मुलगी पाहायला न्यायचं आहे? चाक फिरलं पाहिजे, झालं."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

आता या घरातल्या भाषेचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भय्यासाहेब बाजारात अस्सल जबलपुरी हिंदी बोलतात, पण घरात मराठी. नातीशी तर मराठीच, हट्टानं. अनिमेष विजय नगरच्या ऑफिसात दिवसभर हिंदी बोलून घरी आले की वडिलांशी मराठी बोलतात आणि मुलीशी हिंदी. आणि अवंतिका? तिला मराठी समजतं, असं सगळे म्हणायचे. पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "बोलत नाही, पण समजतं सगळं." आजोबा काही बोलले की ती मान हलवून "हो आबा" म्हणायची. कुणी कधी विचारलं नाही की बाई, हो म्हणजे नेमकं कशाला हो.

मागल्या वर्षी आम्ही भोपाळला गेलो होतो. तिथल्या एका प्रशिक्षण केंद्रात अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची निवड होते. पहिल्या सहांना तिथेच राहून शिकायला मिळतं, स्वतःच्या घोड्यासकट. अवंतिका सातवी आली. परत निघताना ती रडली, पण ती सातवी आल्यामुळे नाही. तिथल्या वाहनतळावर एका मोठ्या क्लबाची पोरं उभी होती, त्यांचे ट्रेलर आरशासारखे लखलखीत. एका मुलीनं माझ्या चाकांचा फोटो काढला आणि मोठ्यानं म्हणाली, "ये घोड़ी लाई है या कबाड़?" सगळे हसले. अवंतिकाही कसनुसं हसली. मग माझ्या मागच्या बाजूला येऊन फळीवर बसली आणि ओढणीनं डोळे पुसत राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय नाहीत आणि मस्तकही नाही, तरी गेली.

यंदाचं वर्ष तिचं शेवटचं. जूनमध्ये अठरा पुरी होणार, मग त्या गटात उतरता येणार नाही. पहाटे साडेपाचला चेरीतालहून सायकलीनं महाराजपूरला यायची, इमलीला फिरवायची, उड्या मारून घ्यायची, आणि मग शाळा. इमलीही अशी तयार झाली होती की अडथळा दिसला की कान पुढे. दोघींनी मिळून जागा मिळवलीच असती. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. मी बरेच घोडे पाहिलेत.

पण त्या पोरीच्या मनातून माझी चाकं काही जाईनात. निवडीला आठ दिवस राहिले तेव्हा ती तारेचा ब्रश, सँडपेपर, गंज थांबवणाऱ्या रेड ऑक्साइडचा डबा आणि चंदेरी रंगाच्या दोन फवाऱ्याच्या बाटल्या घेऊन आली. भय्यासाहेबांचं त्याच सुमाराला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जायला मनाई केली होती, नाहीतर ते स्वतः आले असते आणि हे आत्मवृत्त सांगायची वेळ माझ्यावर आली नसती.

तिनं मेहनत मात्र अशी घेतली की मी रागावूनही काही म्हणू शकत नाही. एकेक बाजू जॅकवर उचलली, चाक काढलं, तिथे विटांचा आधार दिला. शेणाचे वाळलेले थर पाण्यानं भिजवून खरवडले. तारेच्या ब्रशानं गंज घासला, इतका की बोटांना फोड आले. मग सँडपेपर, मग रेड ऑक्साइडचा हात. टायरला रंग लागू नये म्हणून घरातला पत्त्यांचा एक जुना जोड आणला आणि रिम आणि टायरच्या फटीत एकेक पत्ता खोचला. बदामचा राजा माझ्या डाव्या चाकात उभा होता. मग चंदेरी रंग. शेवटी टायरला काळं पॉलिश. बाजारातून तिनं चाकांवर बसवायची चकचकीत झाकणंही आणली होती. ती लावली की मधले पाचही नट झाकून जातात आणि नुसती चमचमती थाळी दिसते.

मला स्वतःला पाहता येत नाही, पण पानठेल्यावरचा तोच माणूस येऊन म्हणाला, "अरे वाह, बिल्कुल नई कर दी दीदी ने!" आणि खोटं कशाला बोलू, मी थोडा फुगलो.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं चाकं परत बसवायला घेतली. अनिमेषनी ऑफिसला जाताना सकाळीच सगळं सामान माझ्यात भरून ठेवलं होतं. चाऱ्याची पोती, पाण्याचे दोन कॅन, खोगिराची पेटी. मी दोन्ही बाजूंनी विटांवर. तिनं भय्यासाहेबांना फोन लावला आणि फोन माझ्या मडगार्डवर ठेवला. त्यामुळे पुढचा शब्दन् शब्द मी ऐकलेला आहे.

"काय करून राहिली बाई?"

"चाक लावते आबा. नट कसा करायचा?"

"हं. नीट ऐक. नट पहिले हातानं फिरवून बसव. मग पान्यानं नुसते टेकव, समोरासमोरचे. जोर नाही लावायचा. समजलं?"

"हो आबा."

"गाडी खाली केल्यावर मग पक्के आवळायचे. खाली केल्याशिवाय जोर लावशील तर रिम वाकडी बसते. लक्षात राहील?"

"हो आबा. खाली केल्यावर."

"शाबास. खाली केल्यावर आवळायचे."

संपलं. एवढंच बोलणं. कारखान्यात चाळीस वर्षं हाच धडा त्यांनी शेकडो माणसांना दिला असेल. जॅकवर उचललेली गाडी खाली जमिनीवर घेतली की मगच नट पूर्ण आवळायचे. अगदी बरोबर. यात तसूभर चूक नाही.

आता पोरीच्या डोक्यात काय उतरलं ते ऐका. "खाली बस" म्हटलं तर ती लहानपणापासून बसत आलेली आहे. तो खाली तिला ठाऊक होता. पण गाडी खाली करणं? ते ती रोज रस्त्यावर ऐकत होती. टेम्पो खाली करो. ट्रक खाली हो गया क्या. हिंदीत गाडी खाली करणं म्हणजे रिकामी करणं. तिनं माझ्या पोटातल्या पोत्यांकडे पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "अच्छा, मतलब लोड उतरने के बाद। भोपाल पहुँच के।"

नाही! नाही गं बाई! मी ओरडलो. म्हणजे पत्र्यातून 'कट्' असा एक आवाज निघाला. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

तिला ते पटलंसुद्धा. भरलेल्या गाडीचे नट जोरानं आवळले तर रिम वाकडी बसत असेल, आबा फोरमन होते, त्यांना ठाऊक असणार. तिनं नट हातानं बसवले, पान्यानं हलकेच टेकवले, मला विटांवरून उतरवलं, आणि पाना जपून खोगिराच्या पेटीत ठेवला, भोपाळला पोचल्यावर सापडावा म्हणून. मग दोन्ही झाकणं ठोकून बसवली आणि मागे सरून डोळे भरून माझ्याकडे पाहिलं.

आळशी पोर असती तर मला इतकं लागलं नसतं. सांगितल्याबरहुकूम वागणारी होती, म्हणूनच घात झाला.

पहाटे अनिमेष आले, जीप जोडली. "अवंती, नट टाइट हैं ना?"

"आबा ने जैसा बोला वैसे ही किया है, पापा."

अनिमेषना एवढं पुरलं. वडिलांनी सांगितलेलं काम म्हणजे तपासायला नको. मला पुरलं नाही, पण मला विचारतो कोण? इमली फळीवरून चढताना क्षणभर थांबली, खूर आपटला. अवंतिकानं तिच्या मानेवरून हात फिरवला आणि ती आत आली. साडेचारशे किलोचं जितंजागतं वजन माझ्या दोन चकचकीत चाकांवर उभं राहिलं.

शहापुऱ्यापर्यंत काही झालं नाही. त्यानंतर मला कळायला लागलं. डाव्या चाकाचा एक नट फिरायला लागला होता. रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्याला थोडा थोडा सोडवत होता. मग दुसरा. पहिला पूर्ण सुटला आणि झाकणाच्या आत पडला. चाकाबरोबर गरगर फिरत तिथे खुळखुळायला लागला. मी जीव तोडून खडखडलो. जेवढे पत्रे माझ्याकडे आहेत तेवढे सगळे वाजवले. इमलीनं आतून दोन लाथा मारल्या.

"पापा, कुछ आवाज़ आ रही है पीछे से," अवंतिका म्हणाली.

अनिमेषनी गाडी बाजूला घेतली. गाडी थांबली तसा नटही थांबला. झाकणाच्या तळाशी गुपचूप पडून राहिला. अनिमेष उतरले, जोडाची साखळी हलवून पाहिली, टायर लाथेनं दाबून पाहिले. मग डाव्या चाकासमोर उकिडवे बसले. त्यांच्या तोंडासमोर हातभर अंतरावर ते झाकण. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता.

"क्या चमकाया है रे तूने," ते कौतुकानं म्हणाले. "सब ठीक है. इमली घबरा रही होगी, बस."

काढा हो ते झाकण! बोटानं नुसतं उचकलं असतं तरी निघालं असतं. गंजलेली चाकं असती तर त्यांनी दर थांब्याला नटांना हात लावला असता. चमकत्या चाकाला कोण हात लावतो? डाग पडेल म्हणून उलट त्यांनी हात मागे घेतला.

तेंदूखेड्याच्या अलीकडे चाक गेलं.

वेग फार नव्हता, एवढंच नशीब. डाव्या अंगाला मी एकदम खचलो, अ‍ॅक्सल रस्त्याला घासला, ठिणग्या उडाल्या. चाक मात्र सुटून जीपच्या पुढे धावत गेलं आणि उसाच्या शेतात शिरलं. आत इमली घसरून गुडघ्यांवर पडली. तिचा जो आवाज आला तो मी सांगणार नाही.

अवंतिका जीप पूर्ण थांबायच्या अगोदरच उडी टाकून धावली. फळी उघडली, आत शिरली. इमलीचा पुढचा डावा पाय रक्तानं माखलेला. पोर तिच्या मानेला मिठी मारून बसली आणि हिंदीत, मराठीत, कुठल्या कुठल्या भाषेत बोलत राहिली. ती भाषा इमलीला कळत होती.

गावातल्या गुरांच्या डॉक्टर आल्या, टाके घातले, पाय बांधला. हात धुताना म्हणाल्या, "बेटा, चलेगी। धीरे-धीरे घूमेगी-फिरेगी भी। पर अब कूदेगी नहीं।"

अवंतिकानं मान हलवली. तेवढ्यात अनिमेष उसातून चाक घेऊन आले. झाकण अजून घट्ट बसलेलं होतं. ते त्यांनी उचकलं आणि आतून तीन नट रस्त्यावर घरंगळले. त्यांनी नटांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "टाइट नहीं किए थे?"

ती काही बोलली नाही.

ती गप्प का बसली ते मला माहीत आहे, आणि तेव्हापासून माझा जीव नुसता तळमळतो आहे. तिला वाटलं, आबांनी चुकीचं सांगितलं. म्हातारपणामुळे त्यांची गफलत झाली. हे पापांना सांगितलं तर ते आबांना बोलतील, आणि आबांना ते सहन होणार नाही. म्हणून सगळा दोष तिनं मुकाट्यानं स्वतःवर घेतला. तिकडे चेरीतालला डोळ्यावर हिरवी झापड लावून बसलेल्या भय्यासाहेबांना वाटलं, पोर उत्साहाच्या भरात आवळायचं विसरली. तेही तिला काही बोलले नाहीत. अनिमेषना म्हणाले म्हणे, "तिला विचारू नको. ज्याचं नुकसान झालं त्याला काय विचारायचं?"

दहा दिवस दोघं एकमेकांना सांभाळत राहिले, एकमेकांना चुकीचे समजून. मी ट्रकवर चढून महाराजपूरला परत आलो होतो, डाव्या बाजूला पुन्हा विटा. अवंतिका रोज येऊन इमलीच्या पायाची पट्टी बदलायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. तिची निवडीची तारीख गेली. जून येईल, जाईल.

अकराव्या दिवशी भय्यासाहेब डॉक्टरांचं न ऐकता रिक्षानं महाराजपूरला आले. काळा चष्मा, हातात काठी. इमलीला गूळ खाऊ घातला. माझ्याजवळ आले, अ‍ॅक्सलवरून हात फिरवला. मग फळीवर बसले आणि नातीला शेजारी बसवलं.

"अवंती, एक विचारतो. रागावत नाही. नट आवळायचे राहून गेले का गं?"

इतके दिवस दाबलेलं एकदम बाहेर आलं. "राहून नाही गेले, आबा. आपने ही तो बोला था, खाली केल्यावर."

"हो. मग? खाली नव्हती केली?"

"खाली तो भोपाल में होनेवाली थी ना! इमली उतरने के बाद!"

भय्यासाहेबांनी चष्मा काढला.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मी जॅकवरून खाली म्हणत होतो. जमिनीवर."

"नीचे?" अवंतिका म्हणाली.

"नीचे," भय्यासाहेब म्हणाले. माझ्या माहितीत तिच्याशी बोललेला हा त्यांचा पहिला हिंदी शब्द.

ती रडायला लागली. म्हाताऱ्यानं तिला जवळ घेतलं. "चूक माझी. मी विचारायला पाहिजे होतं, कळलं का म्हणून." ती म्हणाली, "नहीं आबा, मेरी." इमली गोठ्यात गवत खात होती. मला वाटलं, चला, निदान हे तरी मोकळं झालं. नुकसान व्हायचं ते झालं, पण गैरसमज तर फिटला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला जरा शांत वाटलं.

तेवढ्यात भय्यासाहेबांनी तिला विचारलं. विचारताना त्यांचा आवाज असा झाला होता की जणू उत्तर ऐकायची त्यांना भीती वाटत होती.

"मी तुझ्या जन्मापासून तुझ्याशी मराठीत बोलत आलो. माझी भाषा कळायची ना गं तुला?"

अवंतिकानं डोळे पुसले. आता खोटं बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसलं. आणि आजोबांना बरं वाटावं म्हणून तिनं मुद्दाम मराठीत उत्तर दिलं.

"आधी कळायची, आबा."

भय्यासाहेबांचा चेहरा उजळला. "आधी कळायची," ते स्वतःशी म्हणाले. "म्हणजे लहानपणी कळायची. मग सुटली असेल, शाळा, मैत्रिणी. असू दे. असू दे बाई." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ते खूष झाले होते. तिच्या बालपणाची वर्षं तरी आपल्या वाट्याची होती, असं त्यांना वाटलं.

आणि तीही हलकी झाली. तिनं खरं सांगून टाकलं होतं आणि आबा रागावले नव्हते. हिंदीतली आधी म्हणजे अर्धी. अर्धीच कळायची आबा, कायमच अर्धी कळायची, असं ती सांगत होती.

मी करकरलो. दोघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही.

तर वाचकहो, माझी विनंती एवढीच. तुम्हाला तोंड आहे. भय्यासाहेबांना जाऊन काही सांगू नका. त्यांचं समाधान मोडायचा धीर मलाही झाला नसता. पण अवंतिकाला गाठा. ती संध्याकाळी पाच वाजता इमलीची पट्टी बदलायला येते. तिला म्हणावं, आबांना वाटतंय की तुला लहानपणी सगळं कळत होतं. ते शहात्तर वर्षांचे आहेत. उरलेली अर्धी भाषा त्यांच्याकडून आत्ताच मागून घे.